घोट्याला टेप लावल्यावर तोल खरंच सुधारतो का? स्वतःच्या पायावर तपासून बघायची रीत

ब्लॉकला उडी मारून खाली येताना माझा उजवा पाय जाळीपलीकडच्या खेळाडूच्या बुटावर पडला आणि घोटा आत वळला. व्हॉलीबॉल खेळणाऱ्या निम्म्या लोकांची गोष्ट अशीच सुरू होते. त्यानंतर दीड हंगाम मी टेपशिवाय कोर्टवर पाऊल ठेवलं नाही. टेप असली की पाय बांधल्यासारखा वाटायचा, उतरताना धडकी भरायची नाही आणि मी जो भेटेल त्याला सांगायचो, "टेपने माझा तोल सुधारला."

मग एक दिवस आमच्या फिजिओ मॅडमनी मला टेप लावलेल्या पायावर उभं केलं, डोळे मिटायला सांगितले आणि स्टॉपवॉच सुरू केलं. नऊ सेकंदांत दुसरा पाय जमिनीला टेकला. टेप काढून पुन्हा उभं केलं, तर दहा सेकंद. डाव्या, कधीच न मुरगळलेल्या पायावर मात्र मी पस्तीस सेकंद आरामात उभा होतो. मॅडम काहीच बोलल्या नाहीत, नुसती वही माझ्याकडे सरकवली.

आता संघाची टेपची पेटी माझ्याकडे असते. नवीन आलेला प्रत्येक जण पाय पुढे करून तेच विचारतो, "दादा, याने तोल सुधारेल ना?" त्याला द्यायचं उत्तर दोन वाक्यांत मावत नाही, म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही आणि फिजिओही नाही. जाणत्या माणसाकडून शिकून बऱ्याच घोट्यांवर हात बसलेला एक खेळाडू आहे, एवढं लक्षात ठेवून वाचा.

## १. दुखापत ताजी असेल तर टेपची पेटी उघडूच नका

पाय नुकताच मुरगळलाय, सूज चढतेय आणि कोणीतरी म्हणतंय, "टेप मार, खेळ." इथेच थांबा. हाड मोडलंय की नुसतं लिगामेंट ताणलंय, हे टेप लावणाऱ्याला बाहेरून दिसत नाही.

एक्स-रे कधी काढायचा हे ठरवण्यासाठी डॉक्टर जे ओटावा नियम वापरतात, ते कॅनडात १९९२ साली प्रसिद्ध झाले. खेळाडूच्या भाषेत ते असे आहेत. घोट्याच्या भागात दुखतंय आणि खालीलपैकी एक जरी गोष्ट असेल, तर आधी डॉक्टर:

- दुखापतीनंतर लगेच आणि नंतर तपासतानाही चार पावलं टाकता येत नाहीत (लंगडत टाकली तरी ती चालली असं धरतात)
- बाहेरच्या किंवा आतल्या घोट्याच्या हाडाच्या टोकावर, किंवा मागच्या कडेने वर सहा सेंटिमीटरपर्यंत, हाडावर दाबलं की दुखतं
- पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या रेषेत मधोमध जो उंचवटा लागतो तिथे दाबलं की दुखतं
- पावलाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या थोडं पुढे असलेल्या हाडावर दाबलं की दुखतं

पाय वाकडा दिसत असेल किंवा बोटं बधिर झाली असतील, तर दाबून बघत बसायचीही गरज नाही. थेट दवाखाना.

शिवाय सूज चढत असताना कडक टेप गोल गुंडाळली तर आतल्या सुजेला जागाच उरत नाही आणि रक्तपुरवठा अडतो. जखम, पुरळ, चिकटपट्टीची ॲलर्जी किंवा मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेली असेल, तरीही टेप स्वतःच्या मनाने लावू नका. इथून पुढचं सगळं अशा पायासाठी आहे, जो बरा होऊन खेळायला परतलाय पण ज्यावर अजून भरवसा बसलेला नाही.

## २. टेप नेमकं काय करते, हे आधी समजून घ्या

तोल सांभाळायला शरीर तीन ठिकाणांहून बातमी घेतं: डोळे, आतला कान, आणि स्नायू-सांधे-त्वचेतून येणारी जाण. डोळे मिटून एका पायावर उभं राहिलं की पहिली बातमी बंद होते आणि घोट्याकडून येणाऱ्या बातमीवर सगळा भार पडतो. म्हणूनच मुरगळलेला पाय डोळे मिटल्यावर लगेच उघडा पडतो.

लिगामेंट ताणलं किंवा फाटलं की त्यातले मज्जातंतूंचे शेवटही दुखावतात आणि त्यामुळे पाय पुन्हा पुन्हा दगा देतो, हा विचार १९६५ मध्ये फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. पुढे त्यावरून एक आशा निघाली: टेप त्वचेवर ताण देते, तर ती हरवलेली बातमी त्वचेकडून भरून निघत असेल. ऐकायला पटतं. पण २०१२ मध्ये आठ अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा सतत मुरगळणाऱ्या घोट्यांमध्ये टेप किंवा ब्रेसमुळे (घोट्यावर चढवायचा तयार आधारपट्टा) सांध्याची जाण सुधारल्याचं दिसलं नाही.

त्याहून मजेशीर प्रयोग २००७ चा. घोटा अस्थिर असलेल्या तीस जणांना तीन प्रकारे तपासलं: खरी टेप, नावापुरती चिकटवलेली खोटी टेप आणि टेपच नाही. उड्यांच्या चाचणीत आणि पाय लांबवण्याच्या तोलाच्या चाचणीत तिन्हींमध्ये फरक पडला नाही. पण पाय स्थिर वाटतोय का, धीर येतोय का, असं विचारलं तर खऱ्या टेपने तो आला आणि खोट्या टेपनेही आला. माझा दीड हंगाम या एका प्रयोगात मावतो.

म्हणजे टेप निरुपयोगी का? अजिबात नाही. एकदा घोटा मुरगळलेल्या खेळाडूंमध्ये टेप किंवा ब्रेस वापरल्याने पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण कमी होतं, हे पुष्कळदा दिसलं आहे. मग टेप काम कुठे करते? चुकीच्या पद्धतीने उतरल्यावर घोटा साधारण पन्नास मिलिसेकंदांच्या आसपास दुखापतीच्या टप्प्यात पोचतो. पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू तो धक्का ओळखून आवळायला याहून जास्त वेळ घेतात. मेंदूची गाडी स्टेशनात शिरेपर्यंत अपघात होऊन गेलेला असतो. टेप पायाला आत झुकायला कमी जागा ठेवते आणि हवेत असतानाच पाऊल बऱ्यापैकी सरळ धरते. हे कुलपाचं काम आहे. तोल ही वेगळी गोष्ट आणि ती वेगळी मोजावी लागते.

## ३. कोणती टेप? दोन्हींची कामं वेगळी

कडक टेप: पांढरी, न ताणली जाणारी, झिंक ऑक्साइडवाली. घोट्यासाठी ३८ मिलिमीटर रुंदीची हाताला सोपी जाते, मोठ्या पायाला ५० चालते. घोटा आत वळू नये म्हणून लावायची ती हीच.

ताणली जाणारी रंगीत टेप: जपानच्या केन्झो कासे यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत आणली आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये बीच व्हॉलीबॉलच्या केरी वॉल्शच्या खांद्यावर ती दिसल्यावर जगभर पसरली. ती मूळ लांबीच्या साधारण चाळीस टक्के जास्त ताणली जाते, त्यामुळे घोट्याला रोखून धरणं तिच्या आवाक्यात नाही. धडधाकट खेळाडूंच्या तोलावर तिचा ठळक, दरवेळी दिसेल असा परिणाम आढळत नाही. कोणाला तिने बरं वाटत असेल तर वाटू द्या, पण कडक टेपच्या जागी ती लावून निर्धास्त होऊ नका. आणि रंगाला काही अर्थ नसतो. "निळी थंड, लाल गरम" हे मी स्वतः दोन वर्षं खरं मानलं होतं.

पुढची सगळी कृती कडक टेपची आहे.

## ४. सामान गोळा करा

- ३८ मिलिमीटर कडक टेप (एका घोट्याला जवळपास अर्धा ते पाऊण रोल जातो, नवशिक्याला पूर्ण)
- अंडररॅप, म्हणजे टेपखाली गुंडाळायची पातळ फोमची पट्टी
- दोन छोटे फोमचे किंवा कापसाचे तुकडे आणि पेट्रोलियम जेली
- बोथट टोकाची बँडेज कात्री
- रेझर, साबण, कोरडा टॉवेल
- शिंप्याकडची असते तशी मोजपट्टी
- जमिनीवर रेघा मारायला कोणतीही चिकटपट्टी
- स्टॉपवॉच (फोनमधलं चालेल)
- एक वही आणि एक नाणं. नाणं कशाला, ते पुढे येतं
- एक सोबती, जो मोजेल, चुका धरेल आणि तुम्ही पडलात तर सावरेल

## ५. आधी टेपशिवाय मोजा

बहुतेक जण हाच टप्पा गाळतात. टेप लावतात, दोन उड्या मारतात आणि "मस्त वाटतंय" म्हणतात. वाटण्याचं काय होतं ते वर सांगितलंच.

दोन चाचण्या पुरतात.

पहिली: डोळे मिटून एका पायावर. अनवाणी उभे राहा, हात कमरेवर, दुसरा पाय गुडघ्यात वाकवून उचललेला, डोळे बंद. वीस सेकंद. सोबत्याने चुका मोजायच्या: कमरेवरचा हात सुटला, डोळे उघडले, दुसरा पाय टेकला, टाच किंवा चवडा उचलला गेला, कंबर बाजूला फार कलली, किंवा पाच सेकंदांहून जास्त वेळ मूळ स्थितीत परत येता आलं नाही. प्रत्येकाला एक चूक. दहाच्या वर गेल्या तरी दहाच लिहायच्या. माझे नऊ-दहा सेकंद मॅडमनी नुसत्या घड्याळावर मोजले होते. चुका मोजण्याची ही रीत त्याहून बरी, कारण तग धरून उभा राहिलेला पण होडीसारखा डोलणारा माणूसही तिच्यात सापडतो.

दुसरी: वाय चाचणी. जमिनीवर चिकटपट्टीने इंग्रजी वाय अक्षर काढा. एक रेघ सरळ पुढे, दोन मागे तिरक्या. मागच्या दोन रेघांमध्ये काटकोन, आणि पुढच्या रेघेपासून त्या प्रत्येकी १३५ अंशांवर. जिथे तिन्ही रेघा मिळतात तिथे पायाच्या अंगठ्याचं टोक ठेवून एका पायावर उभे राहा. दुसऱ्या पायाने एकेका रेघेवर जमेल तितकं लांब जाऊन जमिनीला हलकेच बोट टेकवायचं आणि तोल न जाता परत यायचं. सोबती टेकलेल्या जागेवर खूण करून अंतर मोजेल.

उजव्या पायावर उभे असाल तर डावा पाय पुढे जातो, मग मागे डावीकडे, आणि मग उभ्या पायाच्या मागून उजवीकडे. ही तिसरी दिशा सुरुवातीला सगळ्यांची फजिती करते.

प्रयत्न बाद कधी धरायचा? उभ्या पायाची टाच उचलली गेली, टेकवलेल्या पायावर भार टाकला, हात कमरेवरून सुटले किंवा परत येताना तोल गेला, तर पुन्हा करा. सोबत्याने इथे मैत्री बाजूला ठेवायची. टाच किंचित उचलली की पुढचं अंतर चांगलं तीन-चार सेंटिमीटर वाढतं आणि उभं राहणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून सोबत्याने जमिनीवर बसून टाचेकडे बघायचं.

उंच माणसाचा पाय लांब जाणारच, म्हणून अंतर पायाच्या लांबीने भागतात. पाठीवर झोपा. कमरेच्या पुढच्या बाजूला हाडाचं जे टोक हाताला लागतं, तिथपासून आतल्या घोट्याच्या हाडापर्यंत मोजा. मग हिशेब असा:

तीन दिशांच्या अंतरांची बेरीज ÷ (पायाची लांबी × ३) × १००

समजा पायाची लांबी ८८ सेंटिमीटर आहे. पुढे ५८, मागे आतल्या बाजूला ९४, मागे बाहेरच्या बाजूला ९० आले. बेरीज २४२. भागिले २६४. उत्तर ९१.७ टक्के.

सापळा: ही चाचणी करता करताच माणूस तिच्यात सुधारतो. पहिल्या दिवशी टेपशिवाय केली, लगेच टेप लावून केली आणि आकडा वाढला, तर तो सरावाचा आहे. म्हणून प्रत्येक दिशेला आधी चार प्रयत्न नुसते सरावाचे करा, ते लिहू नका. नंतरचे तीन लिहा आणि सरासरी काढा. दोन्ही पायांचं करा. दमलेले असताना करू नका. आज अनवाणी आणि उद्या बूट घालून असंही नको.

## ६. टेप लावायची कृती

वाचून टेप लावता येत नाही, हे आधीच कबूल करतो. पहिल्या तीन-चार वेळा शिकलेल्या माणसाच्या नजरेखाली लावा. खालचं लिखाण तेव्हा शेजारी असू द्या.

पायाची स्थिती. खेळाडूला टेबलावर बसवा, पोटरी टेबलावर टेकलेली, पाऊल कडेबाहेर. पाऊल नडगीशी काटकोनात. टेप लावताना गप्पा रंगल्या की पाऊल हळूहळू खाली लोंबतं, आणि मग त्याच लोंबत्या स्थितीत ते जखडलं जातं. दर दोन पट्ट्यांनी "बोटं वर" म्हणायची सवय लावा.

त्वचा. केस काढा (शक्यतो आदल्या दिवशी, ताज्या रेझरवर गोंद झोंबतो), धुवा, पूर्ण कोरडी करा. घोट्याच्या पुढच्या वळीवर आणि मागच्या जाड शिरेवर जेली लावलेला एकेक फोमचा तुकडा ठेवा. या दोन जागा हमखास सोलतात. त्यावर अंडररॅपचा एकच थर. दोन-तीन थर दिले तर टेप पायाऐवजी फोमला चिकटते आणि पाच मिनिटांत सगळं मोज्यासारखं फिरायला लागतं.

अँकर, म्हणजे बाकीच्या पट्ट्या जिथे अडकवायच्या त्या पायाभूत पट्ट्या. दोन पट्ट्या घोट्याच्या वर, पोटरी जिथे निमुळती होते तिथे, अर्ध्या एकमेकींवर चढवून. निम्मा भाग थेट त्वचेवर येऊ द्या. तिसरी पावलाच्या मध्यावर, आणि ती सैल.

ती सैल का, हे मी दुसऱ्याच्या पायावर शिकलो. पहिल्यांदा एका सहकाऱ्याला टेप लावली तेव्हा पावलाची पट्टी छान ताणून, सुरकुती न पडता बसवली होती. स्वतःवरच खूश होतो. पहिला सेट संपायच्या आत तो पावलाच्या कडेवर चालायला लागला. बूट काढला तर करंगळीकडच्या हाडावर टेपची कड रुतून पांढरी रेघ उमटली होती आणि दोन बोटांना मुंग्या आल्या होत्या. हवेतलं पाऊल आणि शरीराचा भार घेतलेलं पाऊल यांच्या रुंदीत फरक असतो. पाऊल टेकलं की पसरतं, टेप पसरत नाही.

रिकिबी. वरच्या अँकरच्या आतल्या बाजूपासून निघा, आतल्या घोट्यावरून खाली, टाचेखालून, बाहेरच्या घोट्यावरून वर अँकरपर्यंत. घोड्याच्या रिकिबीसारखा आकार होतो. बाहेरच्या बाजूने वर येताना ओढा, म्हणजे पाऊल आत झुकण्याच्या विरुद्ध दिशेला धरलं जातं. उलट दिशेने लावली तर जो घोटा वाचवायचा तोच आत ओढाल. अशा तीन, प्रत्येक अर्धी मागचीवर.

टाचेचं कुलूप. पावलाच्या वरून निघा, आतल्या घोट्यावरून तिरकं मागे, टाचेच्या मागून वळून बाहेरच्या बाजूला, तिथून खाली टाचेखालून आणि आतल्या बाजूने पुन्हा वर. मग तसंच उलट दिशेने. सगळ्यात जास्त सुरकुत्या इथेच पडतात. टेप ज्या कोनात जाऊ बघते तिकडे जाऊ द्या, जबरदस्तीने वळवलीत तर कड दुमडते आणि दुमडलेली कड सुरीसारखी कापते.

आठचा आकडा आणि बंदिस्ती. एक फेरी पावलाखालून आणि घोट्यामागून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी. मग वरपासून खालपर्यंत आडव्या पट्ट्या, उघडी फट राहू न देता. फट राहिली की तिथे फोड आलाच म्हणून समजा. प्रत्येक पट्टी वेगळी फाडून लावा, रोल गुंडाळत जाऊ नका.

तपासणी. पायाच्या नखावर दाबा आणि सोडा. दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. उभं करा, चालवा, चवड्यावर उचलायला सांगा. मुंग्या, गारठा, ठणका यांपैकी काहीही असेल तर "खेळताना सैल होईल" म्हणू नका. कापा आणि नव्याने लावा.

## ७. आता टेप लावून मोजा, आणि खेळून झाल्यावर पुन्हा

आता नाणं काढा. दोन वेगळे दिवस ठरवा, शक्यतो एकाच वेळेचे. पहिल्या दिवशी टेपसह की टेपशिवाय, हे नाणेफेकीने ठरवा. तुम्ही स्वतः ठरवलंत तर मनाला जो निकाल हवा असतो तसाच क्रम निवडला जातो. मीही तेच केलं होतं.

टेपच्या दिवशी दोनदा मोजा: टेप लावल्या लावल्या, आणि वीस-तीस मिनिटं पूर्ण जोमाने खेळल्यावर. टेप घामाने आणि ताणाने सैल पडते. १९६२ सालच्या एका जुन्या प्रयोगात दहा मिनिटांच्या जोरदार व्यायामानंतर टेपचा आधार सुमारे चाळीस टक्क्यांनी घटला होता. ड्रेसिंगरूममध्ये लावलेली टेप आणि शेवटच्या सेटमधली टेप एकच समजू नका. खेळून दमल्यावर पायही दमलेला असतो, म्हणून टेप नसलेल्या दिवशीही खेळानंतर मोजा, नाहीतर दोष टेपचा की दमणुकीचा हे कळणार नाही.

वहीत शेवटी आणखी एक रकाना ठेवा: "पाय किती स्थिर वाटला, दहापैकी." हा आकडा चाचणीचं अंतर बघायच्या आधी लिहायचा.

## ८. आकडे वाचताना कुठे फसगत होते

दोन-तीन टक्क्यांचा आनंद करू नका. पाय लांबवण्याच्या चाचणीत त्याच माणसाचे आकडे दोन दिवसांत असेच वर-खाली होतात. पायाच्या लांबीने भागलेला आकडा सहा ते आठ टक्क्यांहून जास्त हलला, तरच खरंच काही बदललं असं म्हणण्यात अर्थ आहे. माझा टेपसह आकडा दीड टक्क्याने वर होता. तो मी "सारखाच" म्हणून लिहायला शिकलो.

पुढचं अंतर घटलं तर घाबरू नका. टेप लावल्यावर पुढच्या दिशेचा आकडा कमी झालेला बऱ्याच जणांना दिसतो आणि वाटतं, टेपने तोल बिघडवला. पुढे पाय लांबवताना उभ्या पायाचा गुडघा बोटांच्या पुढे जावा लागतो, त्यासाठी घोटा वाकावा लागतो, आणि कडक टेप नेमकी तीच हालचाल थोडी अडवते. खात्री करायची असेल तर भिंतीसमोर उभे राहून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा आणि अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर टेपसह आणि टेपशिवाय मोजा. तेही घटलं असेल तर कारण तिथे आहे.

दोन पायांतला फरक बघा. माझ्या मते वहीतली सगळ्यात कामाची ओळ हीच. २००६ मध्ये २३५ शाळकरी बास्केटबॉल खेळाडूंवर झालेल्या अभ्यासात, ज्यांच्या उजव्या-डाव्या पायाच्या पुढच्या अंतरात चार सेंटिमीटरांहून जास्त तफावत होती, त्यांना पायाची दुखापत होण्याची शक्यता अडीच पट निघाली. ते शाळकरी बास्केटबॉलपटू होते, तुमचा खेळ आणि वय वेगळं असेल, तेव्हा चार हा आकडा पवित्र मानू नका. पण टेपशिवाय पाच-सहा सेंटिमीटरांची तफावत दिसत असेल तर टेप बदलण्यापेक्षा फिजिओला गाठा.

"वाटला" आणि "निघाला" यांतलं अंतर. स्थिरतेला दहापैकी नऊ आणि चुका मात्र तेवढ्याच, असं आलं तर ती टेप तुम्हाला धीर देतेय. धीराची किंमत मी कमी लेखत नाही. घाबरत उतरणारा खेळाडू पाय आखडून उतरतो. पण त्या धीराच्या भरात दुखापतीआधी जी उडी टाळली असती ती आता माराल का, हे स्वतःला विचारून बघा.

कधीच न मुरगळलेल्या पायाला नुसतं सगळे लावतात म्हणून टेप लावणाऱ्यांच्या वहीत बहुधा काहीच हललेलं दिसणार नाही. तसं असेल तर रोल वाचवा.

## ९. टेप काढणं

खेळ संपला की लगेच. झोपताना ठेवू नका. बोथट कात्री आतल्या घोट्याच्या मागच्या खळग्यातून सरकवा, हाडावरून नाही. सोलताना टेप वर खेचायची नाही. ती स्वतःवरच दुमडून त्वचेला समांतर ओढायची आणि दुसऱ्या हाताने त्वचा मागे दाबून धरायची. धुवा, कोरडं करा, बघा. नुसती लाली तासाभरात जाते. खाज, पुरळ किंवा टेपच्या आकाराचा लाल चौकोन दुसऱ्या दिवशीही असेल तर गोंदाची ॲलर्जी असू शकते. काही टेपच्या गोंदात राळ असते, ती अनेकांना सोसत नाही. अशांनी दोरीचा ब्रेस वापरावा. तो घोट्याला रोखायचं काम तितकंच करतो, धुता येतो आणि खेळाच्या मध्येच पुन्हा आवळता येतो.

## १०. तोल सुधारायचाच असेल तर

त्यासाठी टेपच्या पेटीत काही नाही, व्यायाम करावा लागतो. नेदरलँड्समध्ये घोटा मुरगळलेल्या ५२२ खेळाडूंवर झालेला प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांवर आठ आठवड्यांचा तोलाचा व्यायाम घरी करायला दिला, आठवड्यातून तीनदा, फार तर अर्धा तास, देखरेखीशिवाय. वर्षभरात व्यायाम केलेल्यांपैकी २२ टक्क्यांचा घोटा पुन्हा मुरगळला, बाकीच्यांपैकी ३३ टक्क्यांचा.

मी जे केलं ते असं. पहिले दोन आठवडे जमिनीवर एका पायावर, डोळे उघडे. मग डोळे मिटून. मग दुमडलेल्या उशीवर. मग उशीवर उभं राहून भिंतीवर चेंडू मारून झेलायचा. शेवटचे दोन आठवडे एका पायावर छोट्या उड्या, पुढे आणि बाजूला, आणि प्रत्येक उडीनंतर तीन सेकंद पुतळा. हे सगळं टेपशिवाय, कारण टेप बांधून केलं तर पायाला स्वतः सावरायची वेळच येत नाही. दुखत असेल तर मागच्या पायरीवर उतरा. वरच्या पायरीवर कधी चढायचं, तर वीस सेकंदांत दोनच्या आत चुका आल्या की.

आठ आठवड्यांनी मॅडमनी पुन्हा घड्याळ लावलं, तेव्हा उजव्या पायावर अठ्ठावीस सेकंद आले. सामन्याच्या दिवशी टेप मी अजूनही लावतो, सरावाला लावत नाही. आणि दात घासताना एका पायावर उभा राहतो, सकाळी उजव्या, रात्री डाव्या. तुम्हीही आरशासमोरच करा: कंबर कलली की आरशात लगेच दिसते, चूक धरायला सोबती लागत नाही. फक्त बेसिनला हात टेकेल इतके जवळ उभे राहा आणि तोंडात ब्रश असताना डोळे मिटू नका.